पुढची गाडी

"रोज सकाळी तळ्याजवळच्या वळणावर बोंबलते ही गाडी. बंद कर तो आवाज," मी गॅरेजवाल्या वेलीला म्हणाले.

"आइलीकाकू, उगाच नाही बोंबलत ती. पुढे गेलेली गाडी बर्फावर घसरली की तिचा सेन्सर मागच्या गाडीला सावध करतो. एवढ्या सकाळी तुमच्या पुढे असतं तरी कोण?"

एकच. तैस्तो, माझा थोरला भाऊ. तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला जातो. आमचं बोलणं बंद होऊन आठ हिवाळे झाले.

"मग, करू बंद?"

"हात लावशील तर बघ!"

त्यानंतर वळण जवळ आलं की मी वाट बघायचे. गाडीच्या पडद्यावर उमटायचं, 'पुढे निसरडं आहे.'

"बघते रे," मी म्हणायचे.

आज वळण आलं तरी गाडी गप्पच. रस्ता काचेसारखा गोठलेला. मीच घसरले आणि कडेच्या बर्फात जाऊन थांबले. पडद्यावर अक्षरं आली, 'मागच्या गाडीला कळवलं आहे.'

आरशात पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

मी गाडी वळवली. तैस्तोच्या अंगणात त्याची गाडी उभी होती. तिच्यावरचा रात्रीचा बर्फ कुणी झाडला नव्हता.