ताजी पेस्ट

एकाच दुकानातून, एकाच दिवशी आम्ही दोघी बहिणींनी अगदी सारखेच प्रोसेसर आणि मदरबोर्ड आणले होते. तरीही वेग वाढवत नेला की ताईचा प्रोसेसर सव्वापाच गिगाहर्ट्झवर निवांत चालायचा आणि माझा पावणेपाचलाच मान टाकायचा.

"सगळं चांगलं तुझ्याच वाट्याला कसं गं येतं?" मी कुरकुरायचे.

"जळकुकडी कुठली!" ती हसायची, आणि ते हसू माझ्या आत दिवसभर तापत राहायचं.

रविवारी सकाळी ती बाहेर पडताच मी शेजारशेजारची दोन्ही कॅबिनेट उघडली. माझ्या प्रोसेसरवरची, उष्णता बाहेर नेणारी पेस्ट दोन वर्षांत वाळून खडखडीत झाली असेल असं वाटलं होतं. ती बोटाला लोण्यासारखी मऊ लागली. पण मत्सराची बोटं घाईत होती. मी प्रोसेसरांची अदलाबदल केली, नवी पेस्ट लावली, स्क्रू आवळले आणि ताईचे सव्वापाचचे वेगाचे आकडे माझ्या मशीनमध्ये भरले.

स्क्रीन काळा झाला. पुन्हा चालू केलं, पुन्हा काळा.

मी तशीच त्या काळ्या काचेत स्वतःचं तोंड बघत बसले होते, तोच ताई परतली आणि मागून माझ्या गळ्यात हात टाकून म्हणाली,



"काल तू कामावर गेलीस ना, तेव्हा गुपचूप माझा प्रोसेसर तुझ्या मशीनमध्ये बसवला मी, आता तरी हस की, जळकुकडे!"