भिंतीकडे तोंड करून

कुंडलिकनं पत्राचे दोन तुकडे केले, दोनाचे चार केले आणि ते बहिणीच्या मांडीवर टाकले.

शेजारच्या खोलीत चार यंत्रमाग चालू होते. मधलं पत्र्याचं दार लावलं काय, उघडं ठेवलं काय, मांडणीवरच्या ताटल्या सारख्याच थरथरायच्या. या घरातली माणसं एकमेकांचं बोलणं कानांनी ऐकत नसत, ओठांवरून वाचत. मालतीनं भावाचे ओठ वाचले.

“बडोदं-बिडोदं काय न्हाय. कळलं?”

“परवा प्रवेशाची परीक्षा हाय, दादा. आज सहाची गाडी. सरोजिनीबाई ठेसनावर थांबणार हायत.”

“त्या मास्तरणीला म्हणावं, तुजी पोरगी धाड. मंगळवेढ्याच्या पाव्हण्यास्नी मी काय सांगू? नवरी वाजंत्री झाली?”

पत्र विद्यापीठाच्या संगीत महाविद्यालयाचं होतं, इंग्रजीत टाइप केलेलं. कुंडलिकला त्यातला ‘म्युझिक’ एवढा एकच शब्द लागला होता. तिथं रियाजाला वेगळ्या खोल्या असतात, जाड भिंतींच्या, असं बाई सांगत. मालतीला त्या खोल्यांपेक्षा त्यांच्यातली शांतता हवी होती.

“मी वाजवायला न्हाय जात,” ती म्हणाली. पण तोवर त्यानं तोंड फिरवलं होतं.

पाच वर्षं त्यानं तिची पाठ पाहिली होती. माग चालू असतानाच ती तंबोरा घेऊन बसायची, कारण जे ऐकू येत नाही त्याला कुणी हरकत घेत नाही. बसायची भिंतीकडे तोंड करून, भिंतीच्या इतक्या जवळ, की स्वतःचा गाता आवाज विटांवर आपटून परत कानात यावा. मागून दिसायचा तो फक्त उजवा हात आणि तारांवर फिरणारी दोन बोटं. तास न् तास, तीच दोन बोटं.

कुंडलिक आत जाऊन आला तेव्हा त्याच्या हातात मागाचा लाकडी धोटा होता. जुना, तेल पिऊन काळा पडलेला, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. मालतीनं तंबोरा कोपऱ्यात उभा केला आणि ती कपडे भरून ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीकडे निघाली. त्यानं तिला वेणीला धरून खाली बसवलं, उजवं मनगट उंबऱ्यावर ठेवलं आणि त्यावर पाय दिला.

पहिला घाव पहिल्या बोटावर पडला. दुसरा मधल्या बोटावर. त्यानं बोटं नेमकी निवडली होती.

मालतीचं तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. डाव्या हातानं तिनं पदराचा बोळा केला आणि दातांत धरला. किंचाळलं की गळा बसतो, आणि बसलेला गळा दोन दिवसांत सुटत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते वाहू दिलं. पाण्यानं गळ्याचं काही बिघडत नाही.

कुंडलिक तिच्या तोंडाकडे बघत होता. त्या गोंगाटात उघडं तोंड म्हणजेच किंकाळी. मिटलेलं तोंड त्याला समजेना. त्यानं तिसरा घाव घातला, मग चौथा. हाड मोडल्याचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही. मालतीला तो कोपरापर्यंत चढत आलेला कळला.

सुताच्या कांड्या भरत बसलेली त्यांची आई गोजरबाई उठून त्याच्या दंडाला लोंबकळली. “कुंडलिका, मरंल की रं ती!”

त्यानं आईला झटकलं. ती टोपलीवर पडली. कांड्या खोलीभर घरंगळल्या.

“वाजव आता!” तो ओरडत होता. “बडोद्याला जाऊन वाजव!” घाव पुन्हा त्याच जागेवर पडला. उंबऱ्याचं लाकूड ओलं झालं होतं. “ओरड! ओरड की गं!”

चार वाजले आणि वीज गेली. त्या उन्हाळ्यात ती रोज चारला जायची, तासाभरानं यायची. एक माग थांबला, दुसरा थांबला, पट्टे दोनदा फडफडले आणि सगळी गल्ली गप्प झाली. पलीकडच्या घरात कुणी बादली खाली ठेवली, तीही ऐकू आली.

“ओरड!” कुंडलिक सवयीनं पुन्हा तेवढ्याच जोरात म्हणाला आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. “आता जाईल की समद्यास्नी ऐकू.”

मालतीनं तोंडातला बोळा काढला. मनगट अजून त्याच्या पायाखाली होतं. तिनं श्वास पोटापर्यंत ओढून घेतला आणि तोंड उघडलं.

ती किंकाळी नव्हती. एकच सूर होता, षड्ज, सरळ, कुठंही न हललेला. गोजरबाईला हा आवाज कुणाचा ते क्षणभर कळलं नाही. हातात आलेली कांडी तिनं तशीच धरून ठेवली. सूर खोलीभर पसरला, पत्र्याच्या दाराला लागला आणि भिंतींवरून परत आला.

मग मालती थांबली. सूर थांबला नाही.

कुंडलिकनं झटकन मागं वळून पाहिलं. कोण वाजवतंय? कोपऱ्यात तंबोरा एकटाच उभा होता. त्याच्या तारा, कुणी बोट लावलेलं नसताना, तोच सूर धरून होत्या.

त्याचा पाय मनगटावरून सरकला. हातातला धोटा त्याला एकदम कुठं ठेवावा ते कळेना.

गोजरबाई कांड्या तुडवत गेली आणि तिनं पत्र्याची पेटी उचलली.

“ऊठ माले,” ती म्हणाली. “माग सुरू व्हायच्या आत.”