पुण्याचं मेतकूट

बचत मार्टमध्ये मेतकूट एकावर एक फुकट मिळत होतं. तेही गुडगावात. प्रभाताईंनी चष्मा वरखाली करून पाटी दोनदा वाचली, मग पाकीट नाकाशी नेलं. प्लास्टिकमधून कसला वास येणार, तरी नेलंच.

शेजारच्या पंजाबी बाईने विचारलं, ये बेसन है क्या. प्रभाताईंनी हिंदीत समजावलं की नाही, गरम भात, वर तूप आणि त्यावर हे. बाई ‘अच्छा जी’ म्हणून पुढे गेली, तेव्हा मेतकूट सेलमध्ये का आलं तेही त्यांना कळलं. कोणीतरी हौसेने मागवलं असणार आणि आता तारीख उलटायच्या आत खपवायची घाई चाललेली.

दिनकररावांचं लक्ष तिसरीकडेच होतं. खालच्या फळीवर अमृत कोकमच्या बाटल्या दिसल्या आणि केंद्र सरकारचा निवृत्त सेक्शन ऑफिसर ट्रॉली सोडून चक्क उकिडवा बसला होता. तिथूनच ते बायकोला एकेक सांगत होते. पातळ पोहे आहेत, गोडा मसाला आहे, कुळथाचं पीठसुद्धा आहे.

ह्याच जिनसांसाठी प्रभाताईंनी तीस वर्षं झेलम एक्स्प्रेसच्या हमालांशी हुज्जत घातली होती. मे महिन्यात माहेरी पुण्याला जायचं आणि येताना बॅगेत साड्या कमी, पिशव्या-पुडकी जास्त. त्या आल्या की दुसऱ्या दिवशी दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मराठी बायकांची रीघ लागायची, प्रत्येकीच्या हातात रिकामा डबा. वाटीने वाटप पाच मिनिटांत उरकायचं, पण बाया हलतील तर शपथ. पुण्यात कोण भेटलं, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाचं फिसकटलं, सगळं ऐकून झाल्याशिवाय कोणी उठायची नाही. शेवटी सगळ्यांसाठी पिठलं-भात टाकावाच लागायचा. काय दिवस होते ते! प्रभाताईंना एकदम भरून आलं.

आणि त्याच फळीच्या दुसऱ्या टोकाला गिरिजा उभी होती. क्वार्टरमध्ये त्यांच्या अगदी वरच्या मजल्यावर राहायची ती. वीस-बावीस वर्षं दोघी जिन्यातूनच एकमेकींशी ओरडून बोलल्या. आता दोघींच्याही मुलांनी गुडगावातच फ्लॅट घेतलेले, मध्ये जेमतेम तीन सेक्टर, आणि दीड वर्षात भेट नाही. भांडण नव्हतं की काही नव्हतं. जायला निमित्तच सापडत नव्हतं.

गिरिजाच्या ट्रॉलीत मेतकुटाची दोन पाकिटं होती. ती बघून प्रभाताईंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाईट वाटलं. इथेच मिळायला लागलं म्हटल्यावर ही आता कशाला येतेय आपल्याकडे डबा घेऊन?

दोघींनी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी केली. मुलं, सुना, बाईच्या सुट्ट्या, सोसायटीची लिफ्ट, सगळं झालं. बोलणं संपत आलं आणि गिरिजाने ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवला. आता ही जाणार, असं दिसताच प्रभाताई बोलून गेल्या.

“ते कशाला घेतेस, गिरिजा? मी पुढच्या आठवड्यात पुण्याला चाललेय. आणते की ताजं.”

खाली बसलेल्या दिनकररावांचा हात कोकमच्या बाटलीवरच थांबला. पुण्याला? कोणाकडे? प्रभाचा भाऊ भालचंद्र गेल्या दिवाळीत घर विकून मुलीकडे बंगलोरला गेला होता. पुण्यात आता आपलं म्हणावं असं कोणी उरलं नव्हतं. ते तसं बोलणारही होते, पण बायकोने नुसतं बघितलं, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात ते बघणं त्यांना चांगलं कळायला लागलं होतं.

गिरिजा क्षणभर प्रभाताईंकडे बघत राहिली. मग तिने ट्रॉलीतली दोन्ही पाकिटं काढली आणि फळीवर जिथल्या तिथे ठेवून दिली.

“आण. माझ्यासाठी अर्धा किलो आण,” ती म्हणाली. “आपल्या क्वार्टरमधल्या शुभदालाही सांगते, ती आता करोल बागेत एकटीच असते, तीही येईल. आलीस की फोन कर. आणि सांगून ठेवते, आम्ही जेवूनच जाणार.”

गिरिजा बिलाच्या रांगेकडे वळली. ती पुरती पाठमोरी होईपर्यंत प्रभाताईंनी दम धरला, मग भराभर पाकिटं ट्रॉलीत टाकायला लागल्या. डोकं जागेवर होतं. घरी गेल्यावर पाकिटं फोडायची, सगळं स्टीलच्या डब्यात ओतायचं, वर थोडा ताजा हिंग. कोण ओळखतंय?

दिनकरराव गुडघ्याला हात लावत कसेबसे उठले. ट्रॉलीत सहा पाकिटं झाली होती. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अगं, भालचंद्रने घर विकलं ते गिरिजाला माहीत आहे. मीच तिच्या नवऱ्याला सांगितलं होतं. विश्वासचा दिवाळीला फोन आला होता ना, तेव्हा.”

प्रभाताईंचा हात थांबला. त्यांनी रांगेकडे पाहिलं. गिरिजा पर्समध्ये काहीतरी शोधत होती, इकडे तिचं लक्षही नव्हतं. प्रभाताईंनी पदराने डोळे पुसले. भर दुकानात, कोण बघतंय न बघतंय याची पर्वा न करता पुसले.

“मग अजून चार घ्या,” त्या म्हणाल्या.