अनोंगची प्रेरणा

“आय गोज टु मार्केट यस्टर्डे,” अनोंग म्हणाली, आणि कुंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

“अगं बाई, गोज नाही! वेंट, वेंट!”

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता शिरीषने हसू दाबलं. काय अभिनय करते ही पोरगी! बँकॉकहून पीएच.डी.ला आलेली हीच अनोंग सोमवारी त्याच्या लॅबमध्ये लेन्सच्या कोटिंगवर तासभर फाडफाड इंग्रजी बोलली होती.

बाबा गेल्यावर त्याने आईला सांगलीहून इथे जर्मनीत, येनाला आणलं. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई इथे नुसती खिडकीशी बसून राहायची. जेवायचीसुद्धा नाही. शेवटी त्याने अनोंगला गळ घातली: काही शनिवार ये, इंग्रजी येत नाही असं दाखव. ती पटकन हो म्हणाली.

वर्ल्डकपच्या उन्हाळ्यात सुरू झालेल्या या नाटकाला आता वर्ष होत आलं. आई पार बदलली. शनिवारी इस्त्रीची साडी, टेबलावर पोहे, दोघींचं खिदळणं. शिरीषचं ऐकून अनोंगही तिला ‘आई’च म्हणायला लागली. एवढंच काय, आईने त्याला स्थळांचे फोटो दाखवणंही सोडलं. ही फुकटची कमाई!

पण हल्ली त्याला अपराधी वाटायचं. अनोंगचा प्रबंध रखडला होता. बिचारीचे शनिवार किती खायचे? आणि शिकवणी थांबली तर आई पुन्हा त्या खिडकीशी जाऊन बसेल, ही भीतीही होतीच.

त्या दिवशी अनोंग गेल्यावर त्याने धीर करून विषय काढलाच.

“आई, बंद करूया का आता? तिची काही प्रगती दिसत नाही. शिकायला मुळात प्रेरणा लागते गं.”

कुंदाताई कपबशा विसळत होत्या. “प्रेरणा भरपूर आहे तिला. भर बर्फातसुद्धा आली होती.”

“भिडस्त आहे, म्हणून येते.”

“भिडेपोटी कुणी वर्षभर येत नाही.”

“मग कशासाठी येते?”

कुंदाताईंनी नळ बंद केला, पदराला हात पुसले आणि वर्गातल्या अगदीच ढ पोराकडे बघावं तसं लेकाकडे बघितलं.

“गाढवा, ते तिलाच विचार. आणि हो, इंग्रजीतच विचार. तुझ्यापेक्षा चांगलं आहे तिचं.”