फिटवरचं सिरप

बादलीत नळाचा थेंब टपकन पडला आणि माझी डुलकी मोडली. मांडीवर दवाखान्याच्या मंजूर औषधांची यादी होती, शेजारी लेक चित्र रंगवत होती. दवाखान्यातलं औषधांचं कपाट मीच सांभाळते. ते छोटं, म्हणून आमचा नियमच आहे, नवं औषध आत आलं की जुनं एक बाहेर. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. “मॅडम, फिटवरचं ते सिरप खोडा. गोळी गिळता न येणाऱ्या त्या मुलीसाठीच ठेवलं होतं, ती तर वारली.” “सर, पुन्हा असं लेकरू आलं तर? मागवायला आठवडे जातात.” “मग हृदयाचं नवं औषध कुठे ठेवू, तुमच्या पर्समध्ये?” भांडायला अंगात त्राण नव्हतं. मी रेघ ओढली. लेकीने मान वर केली. “काय खोडलंस गं आई?” “लहान मुलांचं एक औषध. आता कोणी घेत नाही.” तिचा चेहरा खुलला. “म्हणजे सगळी मुलं बरी झाली?”