घरात वाजवलेलं

"ते नको रे. बाकी काहीही सांग," राम फोनवर म्हणाला. "पुण्यात एवढं भारी करून घेतलंय ना 'सताड' गाणं? मग घरातलं ते खरखरीत कशाला?"

"घरातलंच पायजे," गहिनीनाथ म्हणाला.

नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी चालू होती. गहिनीनाथचा डबा उघडा होता, पण भाकरी तशीच होती.

'बिनकडी' हा शनिशिंगणापूरच्या पोरांचा रॉक बँड. नाव ठेवायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नव्हतं. गावात घरांना दारंच नाहीत, तर कडी कुठून येणार? राम गायचा, गहिनीनाथ ड्रम वाजवायचा. श्रीगोंद्याच्या मैदानावर त्यांनी एकदा एवढा दंगा केला होता की मंडपवाल्याने पुन्हा त्यांच्या कार्यक्रमाला मंडप द्यायचा नाही अशी शपथ घेतली.

आता बँडची गाजलेली गाणी आणि कार्यक्रमांतली थेट रेकॉर्डिंग एकत्र करून राम एक अल्बम काढत होता. श्रीगोंद्याचा दंगा त्यात होताच. 'सताड' मात्र त्याने पुण्यात नव्याने करून घेतलं होतं, दुसरा ड्रमर घेऊन. गहिनीनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेस मशीनने नेली, त्यालाही बरीच वर्षं झाली होती.

"तुला घेतलं न्हाई म्हणून राग हाय का?" रामने जपून विचारलं.

"राग कसला? आप्पांना ऐकायचंय."

रामला खरंच वाटेना. गहिनीनाथचे वडील, सहादेवआप्पा, आणि पोराचं गाणं ऐकणार?

तालीम व्हायची ती गहिनीनाथच्या पुढच्या खोलीत. ड्रमवर पहिली काठी पडली की आप्पा टोपी उचलून आपल्या तेल-नारळाच्या दुकानाकडे चालू लागत. "बडवा," एवढाच त्यांचा आशीर्वाद. पुढे घरात रेकॉर्ड केलेलं 'सताड' गावात मोबाईलवरून मोबाईलवर फिरलं. पोरं दुकानात येऊन आप्पांना मुद्दाम शेवटपर्यंत ऐकवायची, आप्पा हातानेच पुरे म्हणायचे. गहिनीनाथची आई गेल्यापासून तर ते कुणाशी तेवढंही बोलत नव्हते.

पण अल्बमचं कानावर आलं आणि आप्पांनी स्वतःहून विचारलं, "आपल्या घरात वाजवल्यालं हाय का रं त्यात?"

"पुण्यातलं त्याच्यापेक्षा चांगलं हाय, आप्पा."

"ते नगं. घरातलं."

त्यानंतर रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "आलं का?"

गहिनीनाथचा जीव त्यात अडकला तो तेव्हापासून. आता तो आप्पांपुढे बसून वाजवू शकत नव्हता. आप्पांना हवा तो त्याचा हात आता त्या एका रेकॉर्डिंगमध्येच उरला होता. ते फिरलेले जुने मोबाईल केव्हाच भंगारात गेले होते. एकच जागा राहिली होती, रामची जुनी हार्ड डिस्क.

"बरं, घालतो," राम शेवटी म्हणाला. "स्नेहलला सांगतो."

स्नेहल पुण्यातल्या स्टुडिओत आवाजाचं काम बघायची. तिचा फोन आला तेव्हा गहिनीनाथ मशीन सोडून बाहेर धावला.

"दादा, डिस्क आचके देतेय. फाईल कॉपी होत नाही, फार तर एकदाच वाजेल. आणि गाण्यात काय काय आलंय हो! देवळाची घंटा, ट्रॅक्टर, नारळवाला, भांडी, कुणी बाई हाका मारतेय. उतरवून घेतानाच सगळं गाळून घेऊ, की राहू दे? काही लोकांना असलं आवडतं."

गहिनीनाथला हसू आलं. त्या गाण्यात त्याला कधी ड्रमशिवाय काही ऐकूच आलं नव्हतं.

"घराला दार न्हाई म्हटल्यावर गाव आत येनारच, मॅडम. काढा सगळं. आप्पांना ऐकू कमी येतं. ड्रम आन राम, बास."

"बघा हं, परत आणता येणार नाही."

"काढा, काढा."

गाणं आलं तेव्हा सोबत स्नेहलचा निरोपही होता. डिस्क त्याच दिवशी कायमची बंद पडली होती. गाणं मात्र धुतल्यासारखं लख्ख झालं होतं. त्याच्या ड्रमचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येत होता. वेळेत निघालं म्हणून गहिनीनाथने मनातल्या मनात शनिदेवाला तेल कबूल केलं. येताना नगरहून त्याने चांगले हेडफोन घेतले.

आप्पांनी त्या संध्याकाळी दुकान लवकर आवरलं. हातपाय धुतले, धुतलेला सदरा घातला, नवी टोपी घातली आणि भिंतीला टेकून बसले. गहिनीनाथने हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवले.

गाणं सुरू झालं. आप्पांनी डोळे मिटले.

गहिनीनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. गाणं त्याला पाठ होतं. दुसरं कडवं संपलं की राम थांबायचा आणि मग एकटा ड्रम. आयुष्यात त्याने सगळ्यात चांगलं काही वाजवलं असेल तर ते तिथे. नेमक्या त्या जागेला आप्पा सरसावून बसले, दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले. गहिनीनाथच्या डोळ्यांत पाणी आलं.

गाणं संपलं.

"परत लाव," आप्पा म्हणाले.

त्याने परत लावलं. त्याच जागेला आप्पा पुन्हा पुढे झुकले, श्वास रोखून. मग त्यांनी सावकाश हेडफोन काढले आणि मांडीवर ठेवले.

"चांगलं वाजवलंयस," ते म्हणाले.

गहिनीनाथने बाहीने डोळे पुसले.

"लई चांगलं वाजवलंयस. पन तू एकटा वाजवायचास तवा ती आतनं वरडायची ना रं, 'गहिनी, च्या निवतोय' म्हनून? तुझी आय कुठं गेली ह्यातली?"