विसावा मैल

आमच्या सायकल क्लबचा ऑरिन एकोणीस मैल वाऱ्यासारखा जायचा आणि विसाव्या मैलात घड्याळाच्या मागे पडायचा. गेल्या रविवारी वीस मैलांचा मॅसॅच्युसेट्स राज्याचा विक्रम दीड मिनिटाने हुकला. डॉक्टर म्हणाले, छातीत दम नाही. कप्तान म्हणाला, काळजात नाही. ऑरिनने सायकल विकायला काढली.

मला मात्र चैन पडेना. माझ्या सायकलच्या उंच चाकाला मी अंतर मोजायचं नवं यंत्र बसवलं आणि ऑरिनला बळेच सोबत घेऊन शर्यतीच्या रस्त्याने निघालो. यंत्राने वीस मैल दाखवले तेव्हा आम्ही ओढ्यापाशी होतो. तिथे रस्त्याकडेला एक चौकोनी खड्डा होता, गवताने भरलेला. आमची शर्यत जिथे संपायची तो विसाव्या मैलाचा दगड होता अर्धा मैल पुढे, हल्दाकाकूंच्या फाटकाला लागून. नेहमीसारख्या त्या आलं घातलेलं काकवीचं पाणी घेऊन उभ्या होत्या.

"काकू, हा दगड आधी ओढ्यापाशी होता ना?"

"होता की. नवरा गेला त्या वर्षी बैल जुंपून मीच आणला." त्यांनी निवांत पेले भरले. "जाणारा-येणारा तिथे दगडाला टेकून बसायचा आणि माझ्या दारावरून सरळ निघून जायचा."

ऑरिनने पेला रिकामा केला. आता हा काय बोलतो, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्याने पेला पुन्हा काकूंपुढे केला.

परतताना तो ओढ्यापाशी उतरला आणि चाकूने एका झाडावर खूण केली. "शर्यत इथे संपते."

"आणि दगड?"

"राहू दे तिथेच. शर्यत संपल्यावर तहान लागतेच की."